अनुमानाची खूण

मूळ वस्तु नष्ट झाल्यावर तिची प्रतिकृति घडविणाऱ्यावर सत्याचें कोणतें बंधन उरतें, हा प्रश्न वरवर पाहतां पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनीं सोडवावा असा आहे. तुम्हां-आम्हांस त्याच्याशीं काय कर्तव्य, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. परंतु मोठे प्रश्न नेहमीं मोठ्या दारानेंच घरांत येतात असें नाहीं. कित्येक वेळां ते मुलांच्या खेळण्यांतून येतात. हा प्रश्नहि तसाच, प्लॅस्टिकच्या चिमुकल्या विमानांच्या छंदांतून, आमच्यापुढें उभा राहिला आहे.

ह्या छंदाची ओळख प्रथम करून देणें अवश्य आहे. सुट्या भागांचा एक संच पेटींत मिळतो; ते भाग सांच्यांतून काढलेले असतात, आणि सोबतच्या पत्रकाप्रमाणें ते चिकटवून रंगविले कीं विमान तयार होतें. ह्यांतील सर्वांत रूढ प्रमाण म्हणजे एकास बहात्तर, अर्थात् मूळच्या सहा फुटांस एक इंच. इंग्लंडांत १९३६ सालीं 'फ्रॉग' नांवाच्या कारखान्यानें ह्या प्रमाणाचे प्लॅस्टिकचे संच विक्रीस आणले; पुढें १९५३ सालीं 'एअरफिक्स'चा 'स्पिटफायर' विमानाचा संच बाजारांत आला, आणि घरोघरचीं मुलें ह्या नादास लागलीं. मुलें मोठीं झालीं तरी नाद सुटला नाहीं. त्यांच्यांतील कांहीं चोखंदळ मंडळींचें पत्रकाप्रमाणें जुळविण्यानें समाधान होईना. जें विमान हजारोंनीं निघालें त्याचा संच घ्यावयाचा, आणि कापून, घासून, भर घालून त्याच्यापासून त्या जातीचा एकमेव आद्य नमुना सिद्ध करावयाचा, असा उद्योग त्यांनीं आरंभिला. आमचा प्रश्न ह्या उद्योगाविषयींचा आहे.

उदाहरणासाठीं स्पिटफायरचाच आद्य नमुना घेऊं. रेजिनाल्ड मिचेल ह्या अभियंत्याच्या कल्पनेंतून उतरलेलें, 'के ५०५४' ह्या क्रमांकाचें हें विमान ५ मार्च १९३६ रोजीं साउथॅम्प्टनजवळच्या ईस्टली येथें प्रथम आकाशांत गेलें. मिचेल तेव्हां दुर्धर रोगानें पोखरलेला होता. ११ जून १९३७ रोजीं, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षीं, तो निवर्तला. त्याच्या कल्पनेचीं पुढें वीस हजारांवर विमानें झालीं. त्यानें डोळ्यांनीं उडतांना पाहिलें तें मात्र हें एकच. आणि तें एकहि टिकलें नाहीं. इंग्लंडनें युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, ४ सप्टेंबर १९३९ रोजीं, फार्नबरो येथें उतरतांना तें उलटलें. त्या अपघातांत वैमानिकास प्राणास मुकावें लागलें, आणि विमान पुन्हा उभें राहिलें नाहीं. आज टँगमीअर येथील संग्रहालयांत त्याची पूर्णाकृति प्रतिकृति पाहावयास मिळते. पण ती प्रतिकृतीच.

आतां साध्या संचापासून हें विमान करावयाचें म्हणजे काय करावयाचें? संचांतील विमान बहुधा युद्धकाळांतलें असतें. त्याचा तीन पात्यांचा पंखा काढून दोन पात्यांचा लांकडी पंखा बसवावयाचा. शेपटीखालचें चाक काढून तेथें जमिनीवर घासत जाणारी साधी पट्टी लावावयाची. फुगीर काचेचें छत टाकून सपाट छत करावयाचें. पंखांतील तोफांचीं भोकें बुजवावयाचीं. कारण आरंभीं ह्या लढाऊ विमानावर शस्त्र म्हणून कांहींच नव्हतें. चाकें मिटल्यावर त्यांना पूर्ण झांकणारीं झांकणें नवीं घडवावयाचीं. थोडक्यांत, हा उद्योग विकासाच्या उलट दिशेचा आहे. अनुभवानें जें जें जोडलें तें तें उतरवीत जाऊन आरंभाच्या अपूर्णतेपर्यंत पोंचावयाचें, असा हा प्रवास.

ह्यांत एक मौजेची गोष्ट आहे. जुन्या संचांच्या सांच्यांत विमानाच्या अंगावर रिव्हेटांचे इतके ठळक उंचवटे उमटविलेले असत, कीं त्याच प्रमाणानें खऱ्या विमानावर ते असते तर ते लिंबाएवढे दिसले असते. पॉलिश-पेपर घेऊन ते घासून काढणें हें ह्या मंडळींचें पहिलें काम. पण खुद्द 'के ५०५४'च्या अंगावर असे उंचवटे एकदां मुद्दाम चिकटविण्यांत आले होते! गुळगुळीत बसणारे रिव्हेट महाग आणि वेळखाऊ. त्यांच्याऐवजीं गोल डोक्याचे वापरले तर वेग किती घटेल हें पाहण्यासाठीं अभियंत्यांनीं प्रत्येक रिव्हेटावर वाटाण्याची डाळ चिकटवून विमान उडविलें. ताशीं २० मैलांहून अधिक वेग कमी झाला. मग एकेका भागावरची डाळ काढीत, कोठें गोल रिव्हेट चालतील आणि कोठें चालणार नाहींत, हें त्यांनीं ठरविलें. आमच्या स्वयंपाकघरांतील वस्तूनें विमानविद्येची अशी सेवा केलेली पाहून कोणत्या गृहिणीस धन्यता वाटणार नाहीं?

ही हकीकत मौजेची असली तरी तिच्यांतूनच पहिली अडचण उभी राहते. आद्य नमुना हा आद्य नमुना असतो तो प्रयोगांसाठीं. आणि ज्याच्यावर प्रयोग चालतात तें एका रूपांत राहत नाहीं. पहिल्या उड्डाणाच्या दिवशीं ह्या विमानास अंतिम रंग चढलेला नव्हता, चाकें खालींच जखडलेलीं होतीं, आणि त्यांचीं झांकणेंहि बसविलेलीं नव्हतीं. पुढें फिकट तकतकीत रंग चढला. नंतर तोफा आल्या. त्याहिनंतर लष्करी विमानांसारखे हिरवे-तपकिरी पट्टे आले. तेव्हां 'मूळ विमान' असें आपण म्हणतों तें नक्की कोणत्या तारखेचें? ज्यानें तारीख ठरविली नाहीं, त्यानें मार्चचें अंग आणि डिसेंबरचा रंग एकत्र आणून असें विमान निर्माण केलें म्हणून समजावें, कीं जें एक दिवसहि अस्तित्वांत नव्हतें. प्रत्येक अवयव खरा आणि सबंध वस्तु खोटी, हा चमत्कार केवळ प्लॅस्टिकमध्येंच घडतो असें नाहीं.

तारीख ठरली तरी दुसरी, अधिक खोल अडचण राहतेच. ज्ञान कोणत्या साधनांनीं मिळवावयाचें? आमच्या नैयायिकांनीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत, आणि ह्या छंदांत तीं चारहि राबतात. छायाचित्र हें जवळजवळ प्रत्यक्षाच्या पदवीचें. पण तें एका बाजूनें, एका क्षणीं, आणि त्या काळचें असल्यामुळें कृष्णधवल. त्या विमानाजवळ वावरलेल्यांचें सांगणें हें शब्दप्रमाण. पुढच्या स्पिटफायरवरून मागच्याची कल्पना करणें हें उपमान. आणि हीं तीन जेथें संपतात तेथें अनुमान. विमानाचा फिकट रंग निळसर छटेचा होता एवढ्यावर बहुतेकांची एकवाक्यता आहे. पण छटा नेमकी कोणती, ह्याविषयीं वाद अजून मिटलेला नाहीं. कृष्णधवल चित्र तो मिटवूं शकत नाहीं. मनुष्याची स्मृति तर रंगाच्या बाबतींत फारच दुबळी साक्षीदार. तरी कुंचला हातांत घेतलेल्यास एक डबी उघडावीच लागते. "अनिश्चित" नांवाचा रंग दुकानांत मिळत नाहीं.

आमच्या मतें नीतीचा प्रश्न येथें, ह्या डबीपाशीं, सुरू होतो. ज्या भागाविषयीं दहा छायाचित्रें उपलब्ध आहेत तो भाग, आणि ज्याच्याविषयीं केवळ तर्क आहे तो भाग, रंगाचा हात फिरल्यावर सारखेच चकाकूं लागतात. पाहणारा दोहोंवर सारखाच विश्वास ठेवतो. निश्चिताच्या पुण्याईवर अनिश्चित खपून जातें. करणाऱ्यानें खोटें असें कांहींच सांगितलें नाहीं. तरी पाहणाऱ्याच्या मनांत जेवढें सत्य आहे त्याहून अधिक सत्य शिरलें. ह्यास असत्य म्हणावें किंवा नाहीं?

ह्याचें उत्तर शोधतांना आम्हांस पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होते. तेथील पंडितांपुढचें कामहि ह्याच जातीचें होतें: नाना प्रांतांच्या हस्तलिखितांत शतकानुशतकें वाढत गेलेला ग्रंथ घेऊन, मागाहून चढलेलीं पुटें उतरवीत, उपलब्ध पुराव्यानें पोंचतां येईल तितक्या जुन्या रूपापर्यंत मागें जावयाचें. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनीं १९२५ सालीं ह्या कार्याचें प्रमुख संपादकत्व स्वीकारलें. १९४३ सालीं ते गेले. आणि १९६६ सालीं तें कार्य पूर्णतेस गेलें. त्या आवृत्तीचें पान उघडून पाहा. संहितेंतील कांहीं शब्दांखालीं नागमोडी रेघ दिसेल. तिचा अर्थ इतकाच, कीं येथील पाठ संपादकांस पुरेसा निश्चित वाटत नाहीं. गाळलेले पाठहि फेंकून दिलेले नाहींत. ते खालीं टीपांत आहेत. निर्णय घेतला आहे, पण निर्णयाची शंका लपविलेली नाहीं. विद्वत्तेचें ओझें वाहणाऱ्या त्या भव्य ग्रंथांत आम्हांस सर्वांत आदरणीय वाटते ती ही बारीकशी रेघ.

प्लॅस्टिकच्या विमानावर अशी रेघ काढतां येत नाहीं हें खरें. पण विमान ज्या लांकडी पाटावर उभें असतें त्याच्या तळाशीं एक कागद डकवितां येतो. हें रूप अमुक महिन्याचें. हे भाग चित्रावरून. ही रंगछटा तर्कानें. पोटाकडची बाजू पुढच्या विमानांवरून कल्पिलेली: चार ओळी पुरेत. त्या लिहिल्या कीं अनुमान हें असत्य राहत नाहीं, तें अनुमान म्हणून प्रतिष्ठित होतें.

कोणी म्हणेल, "महाराज, हा खेळ आहे, खेळांत कसली नीति? सहा इंचांच्या विमानाच्या पोटाचा रंग चुकला म्हणून कोणाचें घर बुडालें?" आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. कोणाचें घर बुडालें नाहीं हें आम्ही मान्य करतों. पण प्रतिकृतीचा धर्म असा आहे, कीं मूळ नाहींसें झाल्यावर तीच साक्षीदार होते. आज एकानें तर्कानें लावलेली छटा उद्यां दुसरा पाहून लावतो, परवां तिसरा "सर्वत्र असेंच दिसतें" म्हणून तिला पुरावा मानतो. आणि तर्काचा सिद्धांत होण्यास कोणीहि लबाडी करावी लागत नाहीं. ह्याच विमानाविषयींची एक आख्यायिका पाहा. पहिल्या उड्डाणाहून उतरतांच वैमानिक समर्स ह्यानें, कशासहि हात लावूं नका, अशा अर्थाचे उद्गार काढले, असें सांगतात. त्यांवरून विमान जन्मतःच निर्दोष होतें अशी समजूत पसरली. वस्तुतः पुढच्या उड्डाणापर्यंत आहे ती मांडणी बदलूं नका, एवढाच त्याचा आशय होता, असा खुलासा ह्याच विमानाच्या चांचण्या घेणाऱ्या जेफ्री क्विल ह्यानें पुढें केला आहे. आणि प्रत्यक्षांत तर वेग अपेक्षेहून कमी भरल्यामुळें पंखा बदलावा लागला होता. दोष काढण्यासाठीं ज्यांनीं डाळ चिकटविण्यापर्यंत कष्ट घेतले, त्यांचे ते कष्टच ह्या निर्दोषपणाच्या कथेनें पुसून टाकले.

दुसरा आक्षेप उलट टोंकाचा आहे. "जें ठाऊक नाहीं तें करूंच नये, तेवढी जागा कोरी ठेवावी." ही भूमिका शुद्ध दिसते, पण आम्हांस ती पटत नाहीं. अर्धें रंगविलेलें विमान हेंहि एक असत्यच. कारण मूळ विमान अर्धें रंगविलेलें खास नव्हतें. शिवाय तर्क करण्याचें नाकारणारा मनुष्य चुकत नाहीं हें खरें, पण त्याच्यामुळें कोणाची चूक उघडकीसहि येत नाहीं. सुखटणकरांनीं संशयित शब्दांच्या जागा मोकळ्या सोडल्या असत्या तर ग्रंथ वाचनीय राहिला नसता, आणि पुढच्या पंडितास वाद घालण्यास कांहीं उरलें नसतें. म्हणून तर्क करावा, निर्भयपणें करावा. फक्त त्याच्याखालीं रेघ ओढावी.

आतां राहतो तो सर्वांत सूक्ष्म प्रश्न. वैमानिकाच्या बैठकीच्या आंत, छत चिकटविल्यावर जेथें कोणाची नजर पोंचणार नाहीं, तेथेंहि हे लोक तासचे तास खर्चून बारीक कळा बसवितात. हें वेड कीं व्रत? आमचें म्हणणें असें कीं दोन्ही संभवतात, आणि दोहोंची परीक्षा एकच आहे. ज्यास आपली कारागिरी मिरवावयाची आहे, तो न दिसणारा भागहि मनांतल्या मनांत दुसऱ्यांस दाखवीत असतो. त्यास ती तळाची चिठी लिहिणें जड जातें, कारण तिनें त्याच्या कौशल्याचा दिमाख उणा होतो. ज्यास त्या नष्ट विमानाविषयीं खरी आस्था आहे, त्यास ती चिठी लिहिल्यावांचून चैन पडत नाहीं. त्या विमानांत एका मनुष्याचा प्राण गेला, आणि एका मरणोन्मुख मनुष्याची सारी बुद्धि त्यांत उतरली होती. त्यांच्याविषयीं आपणांस किती ठाऊक आहे आणि किती नाहीं, हें स्पष्ट सांगणें हाच त्यांचा आदर.

आणि आपण सारेच, विमानें न करतांहि, हा उद्योग जन्मभर करीत असतों. दिवंगत वडिलांची आठवण मुलांना सांगतांना, एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र लिहितांना, आपल्या घराण्याचा किंवा देशाचा इतिहास रंगवितांना, आपणहि पुढच्या काळाचे भाग काढतों, मागचे बसवितों, उंचवटे घासतों, आणि जेथें ठाऊक नाहीं तेथें आपल्या आवडीच्या रंगाची डबी उघडतों. तसें करण्यावांचून गत्यंतर नाहीं. पूर्वज आपणांस अखंड मिळत नाहींत. पण आजोबांच्या गोष्टींतलें वाक्य सांगतांना, "हें मीं ऐकलेलें, आणि हें माझें अनुमान," एवढें म्हणण्यास किती वेळ लागतो? तेवढ्यानें गोष्टीची गोडी जात नाहीं. ऐकणाऱ्या मुलास मात्र पुढें कधीं आपल्या आजोबांचा अधिक शोध घ्यावासा वाटला, तर शोध कोठून सुरू करावा हें ठाऊक असतें.