टॉवरखाली
शिळफाट्याला समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आला आणि आमच्या चाळीत विज्ञान संचारलं. जो तो किरणांवर बोलू लागला. सरकारने २०१२ सालीच किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, हे ऐकतो कोण! खरा छळ खालच्या जनरेटरचा. वीज गेली की धडधड, आणि डिझेलचा धूर थेट आमच्या फोडणीत. रात्री वस्तीत ४५ डेसिबलची मुभा आहे म्हणालो, तर ही म्हणते, "तेवढं तुमचं घोरणंच आहे!"

तक्रारअर्ज मीच लिहिला. सह्यांसाठी फोनही मीच केले, टॉवरच्याच कृपेने. त्याच रात्री वीज गेली आणि पुण्याहून जावयांचा फोन आला. मुलगी बाळंत झाली होती. जनरेटर चालू होता म्हणून फोन लागला. चालू होता म्हणूनच मुलगा की मुलगी, ते तीनदा विचारावं लागलं.

अर्ज अजून खिशात आहे. माझी सही तेवढी राहिली आहे.