शुक्र आणि आरसा

आमच्या शाळेतील एक आपा उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून घरी आल्या. त्यांना भेटायला आम्ही चौघी शिक्षिका कोलशेतला गेलो. रीतीप्रमाणे म्हणालो, "आपा, जान वाचली, अल्लाहचे शुक्र माना." आमच्यातली एक धीर द्यायला म्हणाली, "बुरख्याखाली कुणाला काय कळणार?" आपा शांतपणे म्हणाल्या, "गुसल करताना मला कळतं ना!"

आम्ही गप्प झालो. परतताना रिक्षात एकच प्रश्न डोक्यात होता. जीव वाचल्यावरही गेलेल्या अवयवासाठी रडणे ही नाशुक्री आहे का?

आम्हाला तसे वाटत नाही. पैगंबर साहेबांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले, तेव्हा त्यांचेही डोळे भरून आले होते. सब्र म्हणजे कोरडे डोळे नव्हेत. शुक्र आणि दुःख एकाच काळजात राहू शकतात.

अरफजा नावाच्या सहाबींचे नाक एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले. त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबर साहेबांनी त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असतानाही! "जीव वाचला ना, मग नाकाचे काय?" असे त्यांना कुणी सुनावले नाही. मग स्त्रीने कृत्रिम स्तन वापरला किंवा पुनर्रचना करून घेतली, तर तिला नखरेल का म्हणावे?

उलट वाटही तितकीच खरी आहे. अमेरिकन कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांचा स्तन १९७८ साली काढला गेला. त्यांनी कृत्रिम स्तन वापरायला नकार दिला. १९८० साली त्यांचे या अनुभवावरचे पुस्तक आले. इतरांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून आपण भरलेले दिसावे, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणजे प्रश्न झाकण्या-न झाकण्याचा नाही. ते कोणासाठी, हा आहे.

या संकोचाची किंमत फार मोठी आहे. टाटा हॉस्पिटलने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत सुरू केलेल्या अभ्यासात दीड लाखावर स्त्रिया होत्या. त्यांतील एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविका ठरावीक काळाने केवळ हातांनी करत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासणी झालेल्या गटात पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. ज्या शरीराचे नाव घ्यायलाही आपण लाजतो, त्यातली गाठ आपण वेळेत कुणाला दाखवणार? शस्त्रक्रियेआधीची लाज आणि नंतरची लाज या सख्ख्या बहिणी आहेत.

आपा शाळेत परतल्या. उर्दूची ओळ फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू होते. तिथपर्यंत हात नेण्यासाठी त्या घरी रोज भिंतीवर बोटे चढवत होत्या. पहिल्या दिवशी ओळ जरा खालून सुरू झाली. मुलींनी ती तशीच वहीत उतरवून घेतली. कुणी काही विचारले नाही, कुणी नजरही चुकवली नाही.

आम्ही मोठ्यांनी एवढे जरी शिकलो, तरी पुष्कळ झाले.