झेललेलं नाणं

टॉस जिंकला की अर्धी मॅच खिशात, असं नवी मुंबईतल्या कामोठ्यातली पोरं म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. सहा-सहा ओव्हरचा खेळ, टेनिसचा बॉल, मोठाल्या दिव्यांच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत चाललेली स्पर्धा. खाडीकडची हवा दमट, त्यात थंडीचं दंव. उत्तररात्री ओला बॉल बोलरच्या हातून सुटायला लागतो आणि मागून बॅटिंग करणाऱ्याचं फावतं.

अशा स्पर्धांत एका सेक्टरच्या संघाचा सोळा वर्षांचा कॅप्टन फारच टॉस जिंकायला लागला. पोरं म्हणत, नशीबवान आहे. नशीब त्याच्या अंगठ्यात होतं.

अंगठा तयार केला होता त्याच्या आबांनी, तोही नकळत. आबा मूळचे साताऱ्याकडचे, एसटीत कंडक्टर होते. मुक्कामाच्या गाडीत दिवा धड लागत नसे, तेव्हा चामड्याच्या पिशवीत हात घालून बोटांनीच सुटे पैसे काढायची त्यांना सवय. दहा पैशांची नागमोडी कड, वीस पैशांचे सहा कोपरे, चाराण्याचा गोल. ३० जून २०११ नंतर चाराणे चलनातून गेले, पण आबांच्या बोटांतून गेले नाहीत. नातू लहान असताना ते जाड पाच रुपयांचं नाणं मुठीत धरून विचारायचे, “सांग, वर सिंह हायत का आकडा?” नातू चाचपून सांगायचा. आजोबा-नातवाचा खेळ, दुसरं काय!

कॅप्टनने आधी वेगळीच करामत शिकून पाहिली होती. नाणं चपटं ठेवून त्याला आडवी गिरकी देत फेकलं, तर ते हवेत डुगडुगतं, लकाकतं, पाहणाऱ्याला वाटतं की कोलांट्या खातंय; प्रत्यक्षात ते उलटत नाही आणि फेकताना वर असलेली बाजूच वर राहते. पर्सी डायकोनिस नावाचे अमेरिकन गणिती आहेत, तरुणपणी जादूगार होते. त्यांनी ही गंमत गणिताने उलगडून दाखवली आहे. पण मॅचमध्ये ती निरुपयोगी ठरते, कारण नाणं हवेत गेल्यावर समोरचा कॅप्टन ओरडतो, “काटा!” आधी ठरवून ठेवलेला निकाल काय कामाचा? निकाल मागणी ऐकल्यानंतर ठरवता आला पाहिजे.

म्हणून हा नाणं खाली पडूच देत नसे. झेलायचं, मूठ मिटता मिटता अंगठा एकदा फिरवून आकडा लागतो का ते पाहायचं आणि मग समोरच्याने मागितलेलं येणार नाही अशा बेताने ते दुसऱ्या मनगटावर पालथं घालायचं किंवा तळहातावर तसंच उघडायचं. दोन्ही रीती लोकांच्या पाहण्यातल्या, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही. सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. मला विचाराल तर कसब म्हणून हे दाद देण्याजोगंच आहे. सरावाशिवाय येत नाही.

कॅप्टनच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एमजीएम मेडिकल कॉलेजात नाक-कान-घशाचं शिक्षण घेणारा एक डॉक्टर भाड्याने राहायचा. त्याने एकदा जिन्यात सांगितलं, कॅनडात त्याच्याच विषयाच्या १३ शिकाऊ डॉक्टरांना काही मिनिटं नाणं उडवायला शिकवलं आणि प्रत्येकी ३०० वेळा उडवून छापा आणायचा प्रयत्न करा म्हणून सांगितलं. तेराच्या तेरा जणांचे छापे काट्यांपेक्षा जास्त आले. एकाने तर १०० मागे ६८ छापे काढले. २००९ सालची गोष्ट. कॅप्टनच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की डॉक्टरला संशय आला. तो म्हणाला, “अरे, कसलीही चलाखी न करता उडवलं तरी ज्या बाजूने उडवतो तीच बाजू किंचित जास्त येते. युरोपातल्या संशोधकांनी साडेतीन लाख वेळा नाणी उडवून झेलून मोजलंय. पन्नास पूर्णांक आठ टक्के. म्हणून आधी कुठली बाजू वर आहे ते झाकायचं, मागणी हवेत असताना करायची आणि नाणं जमिनीवर पडू द्यायचं. फेकणारा कितीही सज्जन असला तरी.”

शेवटचं वाक्य कॅप्टनने कानाआड केलं. उलट गच्चीवर बिल्डिंगच्या पोरांना जमवून त्याने आपली कला करून दाखवली. पोरांनी मागावं आणि याने हटकून उलटं आणावं! टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत तळमजल्यावरच्या काकूंचा मुलगाही होता.

गोष्ट आबांच्या कानावर गेली. ते रागावले नाहीत, पण त्याला समोर बसवलं.

“माझा हात बी सरावलेला होता की. पण लाइनीवर चेकर गाडीत चढला की पिशवी त्याच्या म्होरं उलटी करायची. मोजायचं त्यानं, म्या न्हाई. तीस वर्सं कुणी मला चोर म्हणालं न्हाई ते म्या इमानदार होतो म्हणून न्हाई, पिशवी उलटी होत हुती म्हणून.”

“आबा, क्रिकेटच आहे ते. पैसे थोडेच आहेत!”

“बरं,” म्हणून आबांनी विषय सोडला.

मग पार्किंगचं प्रकरण निघालं. कामोठ्यात गाडी घेणं सोपं, उभी करणं अवघड. बिल्डिंगखालची एक जागा रिकामी झाली आणि दोन अर्ज आले: कॅप्टनच्या पप्पांचा आणि तळमजल्यावरच्या काकूंचा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत अशा वेळी चिठ्ठ्या टाकून वर्षापुरती जागा द्यावी, असं सांगितलेलं आहे. पण रविवारची मीटिंग लांबली होती, सेक्रेटरी काकांना मानसरोवरहून लोकल गाठायची होती. ते म्हणाले, “दोघंच तर आहेत, टॉस करून टाकू. ए कॅप्टन, उडव. तुला सवय आहे.” (उमेदवाराच्या मुलाच्या हातात नाणं द्यायचं हे एकालाही खटकलं नाही. घाईत सगळे असेच वागतो आपण.)

कॅप्टनने नाणं सरळ वर उडवलं. काकू म्हणाल्या, “काटा.” सवयीने हात पुढे गेला, नाणं झेललं गेलं. पण अंगठा त्याने हलवला नाही. आपल्या घरचा प्रश्न आहे, इथे काही करायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं. मनगटावर नाणं ठेवलं, हात उचलला. छापा.

“आई, हा अंगठ्याने बघतो!” काकूंचा मुलगा ओरडला. “आम्हाला गच्चीवर दाखवलंय याने.”

एकच गलका झाला. कॅप्टन आईशपथ सांगू लागला की या वेळी काही केलेलं नाही. गच्चीवरची पोरं एकमेकांकडे बघून हसली. “या वेळी” हे दोन शब्द तर त्याच्यावरच उलटले. काकूंनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, “सिडकोच्या सोडतीत आमचा नंबर लागला नाही तेव्हा मी दोन दिवस रडले, पण कुणाचं नाव नाही घेतलं. आज कुणाचं घेऊ?”

लिफ्टमध्ये पप्पांनी हळूच विचारलं, “खरं सांग, केलं होतंस ना?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं. पोराला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

तो आबांकडे गेला. “तुम्हाला तरी पटतंय ना?”

आबा बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, “म्या तिथं हुतो, तुझ्या हाताकडंच बघत हुतो. तरी मला सांगता येत न्हाई. ते तुला एकट्यालाच ठाऊक, आन् तिथंच घोडं अडलंय.”

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काकांनी चिठ्ठ्या टाकायची तयारी दाखवली. कॅप्टनने पप्पांना अर्ज मागे घ्यायला लावलं. पप्पांनी आधी नकार दिला, मग आबांकडे पाहिलं आणि सही केली. सोसायटीच्या मिनिट्स बुकात ठराव लिहिला गेला: यापुढे जागावाटप चिठ्ठ्यांनीच होईल, चिठ्ठी अर्जदारांच्या घरातलं कुणी काढणार नाही.

पुढच्या स्पर्धेत कॅप्टनने नाणं अंपायरच्या हातात दिलं आणि जमिनीवर पडू द्यायला सांगितलं. टॉस हरला, ओल्या बॉलने बोलिंग करावी लागली, मॅचही गेली. पप्पांची गाडी ते वर्षभर रस्त्यावरच उभी राहिली.