रक्त कुठलं?

मराठीने शरीर सगळीकडे पसरून ठेवलं आहे. घराला पोटमाळा, कायद्याला पोटकलम, डोंगराला पायथा, मडक्याला तोंड. पण 'रक्त' म्हणताना ते कुठलं, हे सांगायची सक्ती मराठी करत नाही. बोटातलंही रक्त, बाटलीतलंही रक्तच.

अंदमान बेटांवरच्या ग्रेट अंदमानी भाषेत नुसतं 'रक्त' म्हणून भागत नाही. ते बोटातून आलं, डोक्यातून आलं की आतल्या आत वाहतंय, हे सांगणारा तुकडा शब्दाआधी जोडावाच लागतो. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी शरीराचे असे सात विभाग नोंदवले आहेत. हे तुकडे नामांपुरते थांबत नाहीत. क्रियापदांना लागतात, विशेषणांनाही लागतात. अख्खं व्याकरणच माणसाच्या देहावर बेतलेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ तसाच बसलो होतो.

आता कुणी शब्दांची यादी घेऊन तिथे गेला आणि त्याने विचारलं, 'रक्ताला काय म्हणता?' आज एक उत्तर मिळेल, उद्या दुसरं. त्याला वाटेल, सांगणारा चुकतोय. खरं तर प्रश्नच अपुरा असतो. म्हणून मला यादीपेक्षा गप्पांचं ध्वनिमुद्रण मोलाचं वाटतं. कुणाचं तरी बोट कापलं, कुणी मासा चिरला, की व्याकरण आपोआप तोंडातून बाहेर पडतं.

पण गप्पांना दोन माणसं लागतात. 1858 साली इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत वसवली. त्यानंतर पसरलेल्या साथींत ग्रेट अंदमानींच्या दहा जमाती खचत गेल्या. अब्बींना भाषा शिकवणारे नाओ ज्युनियर स्वतःच ती बरीच विसरले होते, कारण बोलायला कुणी उरलं नव्हतं. शिकवता शिकवता त्यांना ती आठवत गेली. 2009 मध्ये ते गेले.

बोआ सीनियर या त्या दहांपैकी बो जमातीच्या भाषेच्या शेवटच्या जाणकार. आपल्या भाषेत त्या पाखरांशी बोलत. 26 जानेवारी 2010 ला त्या वारल्या. ग्रेट अंदमानीचं अब्बींनी लिहिलेलं व्याकरण 2013 मध्ये छापून आलं. बोमधलं एखादं वाक्य पुढे करून 'असं म्हटलं तर चालेल का?' असं विचारायला आता कुणी नाही.