वीस हजारांचा प्रश्न

मावशी मुंबई महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झालेली नर्स. भाची जीएनएम झालेली नर्स, नालासोपाऱ्यातल्या आचोळे रोडवरच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये. नुकतीच नाइट उरकून आलेली.

मावशी : जर्मनचा क्लास लावलास म्हणे. जायचं ठरलंच?

भाची : बी-टूची परीक्षा पास झाले तर. आणि चोरून नाही करत काही. 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारनेच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला. त्यात नर्सही आल्या.

मावशी : सरकार पाठवतंय म्हणून ते बरोबर ठरतं? हात बसला तो इथल्याच पेशंटवर ना?

भाची : शिकले बाबांच्या कर्जावर. तू सरकारी स्टायपेंडवर शिकलीस. पुढे कायम नोकरी, वेतन आयोग, पेन्शन. तुझ्या निष्ठेलाही पगार होता, मावशी.

(हे मावशीला लागलं. तिने ते खोडलं नाही. माझ्या मते खोडता आलंही नसतं.)

मावशी : काल रात्री काय झालं?

भाची : 22 पेशंट, मी एकटी. डेंग्यूच्या पोराचं बीपी उतरायला लागलं म्हणून त्याच्याकडे धावले. परत येते तर पलीकडच्या आजोबांची सलाइन संपून नळीत रक्त आलेलं. नातेवाईक माझ्यावर ओरडले. 22 खाटांना एक नर्स ठेवणाऱ्यावर कोण ओरडणार?

मावशी : तू गेलीस की त्यांना कोण?

भाची : नोंदणी नसलेली एखादी मुलगी. सुई लावायला आम्हीच शिकवलंय तिला.

मावशी : म्हणजे दोष मालकाचा आणि हात सुजणार पेशंटचा.

भाची : ते मलाही खातं गं. पण मी थांबले तर ते दुसरी नर्स घेतील? उलट मी ओढून नेते म्हणून त्यांचं एकीवर भागतं.

मावशी : सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशावरून नर्सच्या पगारासाठी समिती बसली होती ना?

भाची : बसली. छोट्या खासगी हॉस्पिटलातही 20 हजारांखाली पगार नको म्हणाली. केरळात नर्सेसनी संप केले, तेव्हा कुठे 2018 मध्ये तिथल्या सरकारने ते लागू केलं.

मावशी : आणि तरी तिथल्या मुली जातातच. 2014 मध्ये इराकच्या युद्धात अडकलेल्या, तिक्रितला काम करणाऱ्या 46 नर्स सुटून आल्या, त्या बहुतेक केरळच्याच. तेव्हा नुसत्या पगाराचं कारण सांगू नकोस.

भाची : नाही सांगत. मला एकदा तरी झेपतील एवढेच पेशंट सांभाळून बघायचेत.

(इथे मावशी बराच वेळ गप्प होती. मग तिने वेगळाच धागा पकडला.)

मावशी : आणि तुझी आई? गुडघ्यांनी बसलेली. पावसात आचोळे रोडवर पाणी भरलं की रिक्षासुद्धा येत नाही.

भाची : चोवीस तासांची बाई ठेवू.

मावशी : ती जव्हारकडची असेल, पोरं गावी ठेवून आलेली. किती देशील तिला?

भाची : बारा... तेरा हजार.

मावशी : समितीचे वीस का नाहीत?

भाची : ती काय नर्स आहे?

मावशी : तुझा मालक त्या नोंदणी नसलेल्या मुलीबद्दल हेच म्हणत असेल.