पूर आणि प्रारब्ध

नागपूरहून धापेवाड्याला पायी जाताना दिंडीत पुराचा विषय निघाला. एक वृद्ध माळकरी म्हणाले, "अहो, ज्याचं त्याचं प्रारब्ध! देवाच्या मनात आलं की पाणी घरात शिरतंच." सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. पण शेजारी मोवाडच्या एक माऊली चालत होत्या. त्यांनी मान हलवली नाही.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातले मोवाड धुऊन नेले. २०४ माणसे गेली. आता सांगा, इतक्या जणांचे प्रारब्ध एकाच दिवशी फळाला आले काय? पाळण्यातल्या लेकराचेही? हा हिशेब आम्हांला तरी जुळत नाही. प्रारब्ध हा शब्द आपल्या स्वतःच्या दुःखापुरता वापरावा. त्याने धीर येतो. दुसऱ्याच्या दुःखाला लावला की तो आरोप होतो, बघा.

पंढरीचेच घ्या. भीमेला मोठा पूर आला की वाळवंटातले पुंडलिकाचे देऊळ पाण्याखाली जाते. म्हणून पुंडलिक पापी, असे कोणी वारकरी म्हणेल काय? उजनीचे पाणी सोडल्याचे कळले की आपण राहुट्या उचलून वर येतो. त्यात विठ्ठलावरचा भाव उणा झाला, असेही कोणाला वाटत नाही.

मग नागपुरात देवाकडे बोट का? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत घुसली. चार जण दगावले, सुमारे १० हजार घरांत पाणी शिरले. पाऊस देवाने पाडला हे खरे. पण ज्या नदीच्या नावाने हे शहर ओळखले जाते, तिला नाला कोणी केले? तिचे पात्र भिंतींनी कोणी आवळले? तलावाच्या सांडव्यापुढे तर स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभारलेले होते. ते पाण्याच्या वाटेत येते म्हणून पूरग्रस्त नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. थोर पुरुषाविषयी भक्ती असावीच. पण पाणी मूर्ती पाहून वाट बदलत नाही. आणि दोष केवळ सरकारचा म्हणून आम्हांला सुटता येत नाही. घरचे निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून नदीत टाकणारे आम्हीच की हो!

शिवाय ज्याने पात्र आवळले तो बहुधा उंचावर कोरडा झोपतो. बुडतो तो खालच्या खोलीतला भाडेकरू. एकाने करावे, दुसऱ्याने भोगावे, याला कर्मसिद्धांत म्हणत नाहीत.

तुकोबांच्या घरी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी अन्नावाचून गेली, मूलही गेले. त्यांच्या मनात वैराग्य आले. पण उपाशी कुळांना त्यांनी पूर्वजन्मीचे पाप शिकवले नाही. आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतोच. दुःख सोसावे कसे, हे विचारताना ते कमी कोणी करायचे, हा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता.

धापेवाड्याला चंद्रभागेवर पाय धुताना आम्ही त्या मोवाडच्या माऊलींना भीत भीत विचारले, देवावर राग येतो का?

"देवावर कायचा राग जी?" त्या म्हणाल्या. "पन कोनी आधी सांगाले आलं असतं, तं पोरीले घेऊन वर गेली असती ना मी."

त्या वृद्ध माळकऱ्यांनी ते ऐकले. मग कितीतरी वेळ ते टाळ पुशीत बसून होते.