पाठकोरा कागद

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरोघर माळे रिकामे होतात, आणि त्यांच्याबरोबर एक जुना वादही खाली उतरतो. गेल्या मोसमातल्या लग्नपत्रिका, मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके, संपलेल्या वर्षाची दिनदर्शिका, नव्या साडीच्या घडीतून निघालेला पांढरा कागद, वह्यांची कोरी राहिलेली पाने हे सारे रद्दीत घालावे की ठेवून द्यावे? घरातले एक माणूस म्हणते, "राहू दे, त्याचे काहीतरी करता येईल." दुसरे म्हणते, "काय करणार आहात? बाजारात हवे ते तयार मिळते." दोघांचेही बोलणे खरे असते, म्हणूनच हा वाद दरवर्षी माळ्यावर परत ठेवला जातो.

आपल्या भाषेत एकाच बाजूने लिहिलेल्या कागदाला 'पाठकोरा' असा एक फार चांगला शब्द आहे. एकीकडून त्याचे काम संपलेले आहे, पण पाठ अजून शिल्लक आहे. अशा पाठकोऱ्या वस्तूंतून घरच्या घरी कंदील, पाकिटे, भेटकार्डे करणाऱ्या माणसाला आपण काटकसरी म्हणतो आणि त्याचे कौतुक करतो. या कौतुकाला आधार काय, एवढाच प्रश्न मला येथे विचारायचा आहे.

आधी सरळ हिशेब मांडून पाहू. घरी पारंपरिक कंदील करायचा तर बांबूच्या चोवीस कामट्या लागतात. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून त्यांचे सहा चौकोन करायचे, आणि ते कोपऱ्याला कोपरा लावून एकमेकांत बांधायचे. चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप उघडतात. चौकोनांवर पांढरा आणि त्रिकोणांवर रंगीत पतंगी कागद खळीने चिकटवायचा, खाली झिरमिळ्या सोडायच्या. एवढ्या कामाला नवशिक्याच्या तीन संध्याकाळी सहज जातात. दुकानातला घडीचा कंदील पाच मिनिटांत उघडून टांगता येतो. तीन संध्याकाळींची मजुरी धरली तर घरचा कंदील बाजारच्यापेक्षा महागच पडतो. भेटकार्डाची गोष्ट वेगळी नाही. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू कापून, दुमडून, तीवर नक्षी काढायला जो तास जातो, त्या तासाची किंमत छापील कार्डाहून जास्तच भरेल. तेव्हा काटकसर म्हणजे पैशाची बचत असेल, तर ही काटकसर नव्हेच. हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

मागच्या पिढ्यांपुढे हा प्रश्न नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची अशी टंचाई होती की आलेले पाकीट जोडावर अलगद सोडवून, उलटे करून, पुन्हा चिकटवून वापरणे यात कुणाला काही विशेष वाटत नसे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी गतवर्षीच्या वह्यांतली कोरी पाने सुटी करून दाभणाने शिवायची, वर्तमानपत्राचे वेष्टन घालायचे, की कच्ची वही तयार. हे करणाऱ्या आजीला कुणी तत्त्वज्ञान विचारले नाही, आणि तिने ते सांगितलेही नाही. दुसरा मार्गच नव्हता. जे केल्यावाचून गत्यंतर नाही त्याला गुण म्हणावे काय? उपाशी माणसाला आपण उपवास केल्याचे पुण्य देत नाही. त्याच न्यायाने नाइलाजाच्या काटकसरीचेही गुणगान करू नये, असे कुणी म्हणेल तर त्याच्याशी भांडता येणार नाही.

आणि तरीही काहीतरी उरते. आजीच्या त्या कच्च्या वहीत नाइलाजाखेरीज आणखी काही होते, कारण हात सैल झाल्यावरही तिने ती शिवण्याचे सोडले नाही. ते काय होते?

कागदाच्या जन्माची कथा येथे थोडी मदत करते. चिनी परंपरा कागदाचा शोध इ. स. १०५ साली त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याच्या नावावर घालते. त्याने माल वापरला तो झाडाची साल, वाखाचे तुकडे, फाटक्या चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कारागिरांनी शतकानुशतके हातांनी कागद केला. गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली. चांगल्या हातकागदाचा लगदा आजही सुती चिंध्यांचाच करतात. म्हणजे ज्या कागदाला आपण जुना झाला म्हणून टाकतो, त्याचे पूर्वजही कुणीतरी टाकलेलेच होते. टाकाऊपणा हा वस्तूचा धर्म नसून पाहणाऱ्याच्या डोळ्याचा आहे. ज्याला पुढचा उपयोग दिसत नाही तो वस्तू टाकतो, ज्याला दिसतो तो उचलतो.

मात्र ही दृष्टी शिकवायला निघाले की एक वेगळीच अडचण उभी राहते. मी शाळेत शिकवते, म्हणून ती मला जवळून ठाऊक आहे. 'टाकाऊतून टिकाऊ' हा विषय मुलांना दिला की आठवडाभराने टेबलावर फार देखण्या वस्तू जमतात. त्यांतल्या आईस्क्रीमच्या काड्या दुकानातून नव्याकोऱ्या, पाकिटाने आणलेल्या असतात. आईस्क्रीम त्यांनी कधी पाहिलेले नसते. चकाकणारा कागद नवा, टिकल्या नव्या, डिंकाची बाटली नवी. टिकाऊ करण्यासाठी टाकाऊ विकत आणले जाते. हा काटकसरीचा थाट आहे, आणि कंजूषपणापेक्षा तो मला अधिक खटकतो. कारण कंजूष माणूस निदान स्वतःविषयी गैरसमज करून घेत नाही.

त्याच वर्गात मागच्या बाकावरची एक मुलगी रिकाम्या हातांनी आली होती. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, आमच्या घरी टाकाऊ काही नसतंच." ती कुरकुरत नव्हती, जे आहे ते सांगत होती. तिच्या घरी तेलाचा रिकामा डबा म्हणजे तांदळाची कोठी, बाटलीत पिण्याचे पाणी, मिठाईच्या खोक्यात शिवणाचे सामान, आणि वर्तमानपत्र येतच नाही. ज्या घरात प्रत्येक वस्तू दुसऱ्यांदा नव्हे तर चौथ्यांदा कामाला लागलेली आहे, त्या घराने टाकाऊतून टिकाऊ करून दाखवण्यासाठी आधी काहीतरी टाकायला शिकावे काय? गुणांच्या तक्त्यात या उत्तरासाठी रकाना नाही. पण काटकसरीविषयी मला जे थोडेफार कळले आहे, त्यातले पुष्कळसे त्या एका वाक्यामुळे कळले. ज्याच्यापाशी पुष्कळ आहे त्याने काटकसरीचा उपदेश स्वतःला करावा. ज्याच्यापाशी काही नाही त्याला तो करणे हा उद्धटपणा आहे.

मग ज्याच्यापाशी पुरेसे आहे त्याने घरचे कार्ड का करावे? याचे उत्तर मला भेटकार्डाच्याच इतिहासात सापडते. आपल्या दिवाळीच्या छापील भेटकार्डाचा पूर्वज म्हणजे नाताळचे कार्ड. विक्रीसाठी छापलेले पहिले नाताळचे कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल नावाचा एक कामात गढलेला सरकारी अधिकारी होता. एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय १८४० साली झाल्यापासून पत्रे वाढली होती, आणि नाताळात सर्वांना उत्तरे लिहायला कोलला सवड नव्हती. त्याने हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्यावर शुभेच्छा छापल्या, आणि हजारभर प्रती काढल्या. उरलेल्या प्रती एकेक शिलिंगला विकायला ठेवल्या. शिलिंग म्हणजे बारा पेनी. गरिबाच्या आवाक्यातली ती किंमत नव्हती. थोडक्यात, छापील कार्ड जन्मले ते पैसे वाचवण्यासाठी नव्हे, वेळ वाचवण्यासाठी. आज एका बोटाने शंभर जणांना तोच दिवा आणि तीच रांगोळी मोबाइलवरून पाठवणारे आपण सारे त्या कोलसाहेबांचेच वारस आहोत. त्यांना मी दोष देत नाही. स्नेही शंभर आणि सवड एक तासाची असेल, तर माणूस दुसरे काय करणार?

पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. छापील कार्डात पैसा खर्च होतो आणि वेळ वाचतो. घरच्या कार्डात वस्तू वाचते आणि वेळ खर्च होतो. घरी केलेल्या भेटीचे सारे मोल या उलटापालटीत आहे. कागद जुना चालतो, रंग मुलांच्या पेटीतले उरलेसुरले चालतात, डिंकाऐवजी कणकेची खळ चालते; चालत नाही ती वेळेची कसर. ज्याने कागदही वाचवला आणि मनही वाचवले, त्याने कंजूषपणा केला. ज्याने कागद वाचवला आणि त्याच्या जागी आपला तास घातला, त्याने काटकसर केली, आणि दानही केले.

अशी वस्तू घेणाऱ्याने तिच्याकडे कसे पाहावे, याचे एक उदाहरण काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींच्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. १९१५ साली मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन होते. गांधीजी मेजाभोवती काहीतरी शोधत होते. हरवली होती ती पेन्सिल, आणि तीही दोन इंचांहून आखूड. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली, तर गांधीजींना ती नको; त्यांना तेच थोटूक हवे होते. मद्रासला एका लहान मुलाने ते त्यांना प्रेमाने दिले होते. पाठकोऱ्या कागदांवर लिहिणाऱ्या त्या माणसाचा हा शोध काटकसरीचा होता असे वरवर वाटते. पण काटकसरच असती तर कालेलकरांची पेन्सिल चालली असती. ते जपत होते एका मुलाचे देणे.

हिरोशिमाच्या सादाको सासाकीची हकीकतही अशीच मनात राहते. १९४५ साली अणुबाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार कागदी करकोचे केले तर इच्छा पुरी होते, अशी जपानमध्ये समजूत आहे. रुग्णालयात ती औषधाच्या पुड्यांचे कागद आणि इतरांना आलेल्या भेटींची वेष्टने गोळा करून त्यांचे करकोचे घडवीत राहिली. ऑक्टोबर १९५५ मध्ये ती गेली, तेव्हा तिचे वय बारा वर्षांचे होते. मराठीत कागदाचीही घडी असते आणि वेळेचीही घडी असते. त्या मुलीजवळ सर्वांत थोडा होता तो वेळ, आणि तोच तिने एकेका घडीत घातला. तिची इच्छा पुरी झाली नाही. पण १९५८ साली तेथे तिच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्मारकाकडे आजही जगभरची मुले कागदी करकोचे पाठवतात.

इतके म्हटल्यावर वाटेल की प्रश्न सुटला: वस्तू वाचवा, वेळ द्या. तसा तो सुटत नाही, कारण लगेच दुसरा प्रश्न येतो. वेळ कुणाचा? मुलाला शाळेतून कागदकाम सांगितलेले असते, आणि रात्री अकरा वाजता दिव्याखाली बसून ते पुरे करत असते त्याची आई. मुलगा झोपलेला, वडील झोपलेले; फराळाचे दोन डबे भरून झालेले, आणि आता कात्री हातात. घरात "आम्ही सारे हाताने करतो, विकतचे काही आणत नाही" असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा ते हात कुणाचे, हे एकदा पाहावे. आपल्या पुष्कळशा घरांची काटकसर एकाच बाईच्या मनगटावर उभी आहे. चिंध्यांची गोधडी तिने शिवायची, खळ तिने शिजवायची, उलटलेली पाकिटे तिने चिकटवायची, आणि साधेपणाचा लौकिक घराचा. दुसऱ्याचा वेळ खर्चून केलेली काटकसर ही काटकसर नव्हे. ते फक्त न दिलेले बिल आहे.

याच कसोटीने बाजारच्या कंदिलाकडेही पाहावे. मुंबईत माहीमला जिला कंदील गल्ली म्हणतात, तेथे दिवाळीच्या आधी कामट्या आणि कागद यांचे कंदील ओळीने टांगलेले असतात. तेही हातांनीच केलेले असतात. ज्याला घरी करायला सवड नाही त्याने अशा कारागिराचा कंदील घासाघीस न करता घ्यावा. त्याने स्वतःचा वेळ दिला नाही, पण दुसऱ्याच्या वेळेचा मान राखला. घरी करणारा आणि असा घेणारा, दोघांचेही घर एकाच न्यायाने उजळते. घरच्या कंदिलाचा गर्व वाहून रस्त्यावरच्या कारागिराशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा मात्र या न्यायात कुठेच बसत नाही.

तेव्हा यंदा माळा काढाल तेव्हा सगळेच ठेवू नका आणि सगळेच टाकू नका. ठेवून ठेवून धूळ खाणारी रद्दी ही काटकसर नव्हे. ती लांबणीवर टाकलेली उधळपट्टी आहे. चार लग्नपत्रिका, एक दिनदर्शिका आणि मूठभर पाठकोरे कागद बाजूला काढावेत. दिनदर्शिकेच्या जाड पानावर एखादे जुने पाकीट उलगडून ठेवावे, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवावी, कापावे, चार बाजू दुमडून खळ लावावी; पाकीट होते. पत्रिकेची कोरी बाजू दुमडली की कार्ड होते. भाऊबीजेला भावाने ते स्वतः करून बहिणीला द्यावे. नक्षी वाकडी आली तरी चालेल. आत दोन ओळी मात्र तिच्याचसाठी लिहिलेल्या असाव्यात. खळही त्यानेच शिजवावी, पातेलेही त्यानेच घासावे. आईला त्या संध्याकाळी जरा बसू द्यावे.